पुढच्या उजव्या चाकाची स्प्रिंग

आप्पा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या एकाही माणसाला कधी टाका घालावा लागला नाही. हे ते स्वतः सांगत नसत, त्यांचे जुने सोबती सांगत. तसं कुणी बोलायला लागलं की आप्पा खिडकीबाहेर बघत बसायचे, पण कान इकडेच असायचा.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा. महाप्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. लग्न केलं नाही, गाड्यांचं वेड मात्र कॉलेजपासूनचं. तेहतिसाव्या वर्षी मी एक जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. आईनं तिला ओवाळलं, मग आत डोकावून म्हणाली, "हिच्यात माणसांनी बसायचं कुठं?" आप्पांनी बॉनेट उघडायला लावलं आणि अर्धा तास काही न बोलता आत बघत राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर एवढा रस मी पहिल्यांदाच बघत होतो.

म्हणून मी कॉइलओव्हर मागवले, तेव्हा ते घरीच बसवायचं ठरलं. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्यावरच चढवलेली स्प्रिंग. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे असतात, त्यावरची रिंग फिरवली की गाडी हवी तेवढी खाली घेता येते. गाडी रस्त्याला चिकटून बसते, वळणावर कलत नाही. पुढच्या रविवारी आम्हा सात-आठ गाडीवाल्यांचं लोणावळ्याला जायचं ठरलं होतं आणि नव्या शॉकअपच्या खोक्याचा फोटो मी ग्रुपवर टाकूनही झाला होता. हातात तो एकच रविवार होता.

नेरुळला आमच्या सोसायटीच्या खाली, खांबांमधल्या पार्किंगमध्ये, सकाळी आठला आम्ही गाडी जॅकवर उचलली आणि लोखंडी घोड्यांवर ठेवली. आप्पांनी कंपनीतले जुने सेफ्टी शूज घातले होते. मी चपलांवर होतो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि मी मुकाट्यानं वर जाऊन बूट घालून आलो.

अडचण नव्या संचात निघाली. त्यात शॉकअपच्या वरची रबरी बैठक नव्हती, ती जुन्यावरून काढून नव्यावर चढवायची होती. बैठकीच्या खाली जुनी स्प्रिंग दाबलेली असते. ती आणखी दाबून धरल्याशिवाय वरचा नट सोडायचा नसतो, हे मी शंभर व्हिडिओंमध्ये पाहिलं होतं. त्यासाठी एक साधन मी ऑनलाइन मागवलं होतं. दोन लांब बोल्ट, प्रत्येकाला दोन आकडे. आकडे स्प्रिंगच्या वेटोळ्यांना समोरासमोर अडकवायचे आणि बोल्ट आवळत जायचे.

आप्पांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. आकड्यावर नख ओढलं.

"हलकंय," ते म्हणाले. "शिरवण्यात तो गॅरेजवाला आहे ना, त्याच्याकडं भिंतीत बसवलेला प्रेस आहे. त्याला फोन लाव."

मी फोन लावला. गॅरेजवाला तिथल्याच गावातला. "आज लग्नाला आलोय रं," तो म्हणाला. "उद्या सकाली घेऊन ये, पाच मिन्टात दाबून देतो. तू नको दाबत बसू घरी."

त्याचं शेवटचं वाक्य मी आप्पांना सांगितलं नाही. "तो उद्या आहे म्हणतोय," एवढंच म्हणालो. "आणि उद्या मला ऑफिस आहे."

आप्पांनी दोन्ही बोल्ट पुन्हा हातात तोलून बघितले. मग म्हणाले, "बरं. पण हातानं करायचं. दोन आटे इकडं, दोन आटे तिकडं. तुझं ते बंदुकीचं मशीन लांब ठेव."

बंदुकीचं मशीन म्हणजे बॅटरीवर चालणारी माझी इम्पॅक्ट गन. ती मी लांब ठेवली.

पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग आप्पांच्या पद्धतीनं उतरवली. दोन आटे इकडं, दोन तिकडं, मध्ये थांबून आकडे सरळ आहेत का बघायचं, स्प्रिंगच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. त्या एका स्प्रिंगला तास गेला. ऑक्टोबरचा उकाडा होता, माझ्या बनियनमधून घाम गळत होता, पण आप्पा निवांत होते. कंपनीतला एखादा पंप उघडताना ते असेच दिसत असतील असं मला वाटलं. नवा शॉकअप जागेवर बसला तेव्हा त्यांनी बोटानं त्याच्यावरची धूळ पुसली. ते मला अजून दिसतं.

अकरा वाजता आईनं गॅलरीतून हाक मारली. आप्पांना साखर होती, गोळी घेऊन वेळेवर खावं लागायचं. "आलोच," ते म्हणाले. "उजव्याला हात लावू नकोस. बस जरा."

मी पाच मिनिटं बसलो. मग म्हटलं, निदान आकडे तरी अडकवून ठेवू. आकडे अडकवले. मग म्हटलं, सुरुवातीचे आटे तर सैलच असतात, तेवढे गननं घेतले तर काय बिघडतंय. एक बाजू आवळली, सहज गेली. दुसरी बाजू आवळायला लागलो तर बोल्ट जड जायला लागला. स्प्रिंग एका अंगाला पोट काढल्यासारखी वाकली होती. ते मला दिसलं होतं. मला ते कळलंच नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं, पण मला दिसलं होतं.

आप्पा लिफ्टमधून बाहेर आले. हातात माझ्यासाठी पोह्यांची ताटली होती. लांबूनच त्यांनी बघितलं, ताटली बाजूच्या स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि माझ्याकडे आले. ओरडले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि म्हणाले, "तिरकी झालीय. थांब. हात काढ."

माझं बोट ट्रिगरवर होतं. एकदा दाबून ती बाजू बरोबरीला आणू, असं मनात होतं. मी दाबलं.

आवाज फारसा झाला नाही. आकडा निसटला आणि पत्र्याचा डबा पडावा तसं काहीतरी वाजलं. बोल्ट आकड्यासकट उडाला आणि खांबावर आपटून लांब गेला. आप्पा मागे बसले, खुर्चीत बसावं तसे, सावकाश. चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर त्यांनी पंजा धरला होता आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"आईला बोलवू नकोस," हे त्यांचं पहिलं वाक्य.

गाडी घोड्यांवर होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली. वॉचमननं टॉवेल आणून दिला. हॉस्पिटलपर्यंत आप्पा एकदाही कण्हले नाहीत, फक्त सिग्नलला गाडी थांबली की माझं मनगट घट्ट धरायचे. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "माझ्या हातून पाना निसटला."

गालाचं हाड मोडलं होतं, त्यात प्लेट घालावी लागली. डोळ्याचं ऑपरेशन चार तास चाललं. बाहेर आल्यावर सर्जननं मला कोपऱ्यात नेलं. "डोळा ठेवलाय," ती म्हणाली. "पण नजर परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

आई तोपर्यंत पोचली होती. आप्पांना वॉर्डमध्ये आणल्यावर ती पलंगाशी उभी राहिली आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट करायला लागली. मग एकदम फुटली. "या वयात काय नडलं होतं तुमचं? त्याला हौस आहे, त्याला करू द्यायचं! सगळं आयुष्य मशिनीत घातलं, तरी पोट भरलं नाही तुमचं?" शेजारच्या पेशंटचे नातेवाईक बघत होते. आप्पा पट्टीखालून म्हणाले, "चुकलं माझं." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. दोन पावलांवर. मी काहीही बोललो नाही.

पुढे घरी आल्यावर रोज वाटायचं, आज सांगू. पण रोज नवीन काहीतरी दिसायचं आणि धीर जायचा. आप्पा कपात चहा ओतायचे आणि धार कपाच्या बाहेर पडायची. जिन्याची शेवटची पायरी त्यांना कळायची नाही. सुईत दोरा ओवून द्या, असं आई सवयीनं म्हणाली आणि मग तिनंच सुई परत डबीत ठेवून दिली. खाली गाडी तशीच घोड्यांवर उभी. सोसायटीनं नोटीस चिकटवली, मी ती काढून खिशात ठेवली.

महिन्याभरानं कंपनीतले दोन जुने सोबती भेटायला आले. सफरचंदं घेऊन आले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्यातला एक हसत म्हणाला, "काय फोरमन, आम्हाला जन्मभर शिकवलंत, आधी नीट बघा, मग हात घाला. आणि घरी येऊन स्वतःच गंडलात होय?"

तो वाईट माणूस नव्हता. आप्पांचं मन हलकं करायला म्हणाला होता. आप्पाही हसले. "वय झालं," म्हणाले. "हात पहिल्यासारखा राहिला नाही."

ते हसू मला सहन झालं नाही. डोळा गेला तो गेलाच होता. पण आप्पांकडे स्वतःचं म्हणून जे एक होतं, ते कामातलं नावही माझ्यासाठी ते हसत हसत देऊन टाकत होते.

"हात माझा होता," मी म्हणालो. "आप्पा थांब म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

दोघं सोबती माझ्याकडे बघत राहिले. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. पाहुण्यांनी चहा घाईनं संपवला.

ते गेल्यावर आप्पा म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं?"

"खरं होतं ते."

"अरं, काम कुणाच्या देखरेखीखाली चाललं होतं?"

"पण तुम्ही वर गेला होता."

"वर जाताना मशीनची बॅटरी काढून खिशात घालून जायची असते. कंपनीत मी कधी विसरलो नाही. घरी विसरलो. जबाबदारी माझीच होती." त्यांनी टीव्ही लावला. "आता पुन्हा हा विषय नको."

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

आई माझ्याशी बोलायची थांबली. डबा भरायची, ताट झाकून ठेवायची, पण शब्द नाही. दिवाळीही तशीच गेली. एका सकाळी मी बूट घालत होतो, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"हॉस्पिटलात मी त्यांना ओरडले," ती म्हणाली. "चार लोकांत. डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला. आणि तू तिथं उभा राहून ऐकत होतास."

मी मान खाली घालून नाडी बांधत राहिलो. त्यानंतर ती बोलायला लागली, पण कामापुरतं, आणि आजही तसंच आहे.

डिसेंबरात आप्पाच म्हणाले, "ती गाडी पुरी कर. खाली जाता-येता बघवत नाही." त्या खेपेला मी उरलेल्या सगळ्या स्प्रिंगा शिरवण्याला नेल्या. गॅरेजवाल्यानं त्या प्रेसमध्ये दाबून बैठका बदलून दिल्या. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. त्यानं मला काही विचारलं नाही. त्याला कळलेलं असावं.

बाकीचं खाली पार्किंगमध्येच बसवलं. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शेवटच्या चाकाला ते उठून आले, पाना मागितला आणि नटावर लावायला गेले. पाना नटाच्या अलीकडेच, हवेत अडला. पुन्हा प्रयत्न केला, तर पलीकडे घसरला. अंतर कळत नव्हतं. मी त्यांच्या हाताला हात लावायला गेलो, तेवढ्यात त्यांनी पाना जमिनीवर ठेवला, नीट, आवाज न करता, आणि परत जाऊन खुर्चीवर बसले. "आवळ तूच," म्हणाले.

संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून पाम बीच रोडला चक्कर मारली. गाडी आता कडक झाली होती, रस्त्याचा प्रत्येक सांधा अंगात येत होता. प्रत्येक धक्क्याला आप्पा गालावर हात धरत होते. मी परत फिरू का विचारलं, तर म्हणाले, "नको. चांगली बसलीय गाडी." मी पुढच्याच वळणावरून परत फिरलो.

नव्या वर्षात मी ती विकायला काढली. पुण्याहून एकजण बघायला आला. त्यानं चाकांच्या मागे टॉर्च मारून सगळे नटबोल्ट तपासले, खाली आडवं पडून पाहिलं, मग कपडे झटकत उठला. "काम एकदम साफ केलंय," तो म्हणाला. "कुठल्या गॅरेजला बसवलं?"

मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "इथंच. आम्ही दोघांनी."

"काय सांगता!" तो म्हणाला. आप्पा आता काळा चष्मा लावत, त्यामुळे त्याला त्यांच्या चेहऱ्याचं काही कळलं नसावं. त्यानं उत्साहानं हात पुढे केला. आप्पांनीही केला. दोन्ही हात आधी एकमेकांना चुकले, मग त्यानंच आप्पांचा हात धरला.

तो गाडी घेऊन गेटबाहेर गेला. आवाज नाहीसा होईपर्यंत आप्पा उभे राहिले, मग लिफ्टकडे वळले. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या उजव्या हाताला चालत होतो. ती बाजू त्यांना दिसत नाही.