सिल्ला पाहून आलेला माणूस

समुद्राकाठच्या गावातली माणसं सिल्ल्याला सरसकट काटेरी झुडूप म्हणून मोकळी होतात. म्हणोत बापडी. त्यांनी तो पाहिलेला असतो मोटाररस्त्याच्या कडेला, वाळलेला, मुळाशी मोडून वाऱ्याबरोबर गडगडत चाललेला. आमच्या वाळवंटी डोंगरातल्या माणसाला विचारा, तो आधी उलट विचारील, कुठल्या खोऱ्यातला सिल्ला आणि कुठल्या वर्षीचा? कारण हे झुडूप दोन ठिकाणी एकसारखं वागेल तर शपथ. पावसानंतर उगवतं तेव्हा जमिनीला चिकटून, रुंद मऊ पानांचं, मुळ्याच्या पाल्यासारखं तिखट. पुढे पानं गळतात, फांद्यांची टोकं टोचायला लागतात आणि कंबरेएवढा काट्यांचा गोल गठ्ठा उभा राहतो. एखाद्या खोऱ्यात एका हंगामात जन्मून मरतं, तर एखाद्यात मुळं खोल घालून वर्षानुवर्षं तग धरतं. फुलं कुठे फिकी जांभळी, कुठे जवळजवळ पांढरी. उंट ते काट्यांसकट खातात, शेळ्या कोवळे शेंडे नि फुलं तेवढी खुडतात.

सुबैह ह्या झुडपाच्या लहरी ओळखण्यात मुरलेला होता. बायको लवकर गेली, पदरात एकच मुलगी, नुवेजा. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. शेळ्या मुलीनं राखाव्यात आणि आपण सांडणीवर बसून खोरी पालथी घालावीत, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. तळ हलवायच्या आधी चारा बघायला एक माणूस पुढे जातो, तो आमच्यात बहुतेक वेळा सुबैहच असायचा.

त्याची म्हातारी आत्या हमदा त्याला सुखानं बसू द्यायची नाही. "सिल्ल्यापुढे टेकतोस तितके गुडघे नमाजाला टेकले असतेस ना रे, तर आत्तापर्यंत पाच वेळा मक्केला जाऊन आला असतास!" ती म्हणायची.

"आत्या, मक्केत शेळ्यांना चारा मिळतो का ते आधी सांग," तो म्हणायचा.

गुडघे टेकायचे ते बापानं शिकवलं म्हणून. बाप सांगायचा, फुलांना भुलू नकोस, झुडपांच्या मधल्या मातीकडे बघ. जुना सिल्ला गेल्या किंवा त्याच्याही मागच्या पुराचं पाणी मुळाशी धरून बसतो आणि त्याच्यावर फुलतो. त्याची फुलं जुनी बातमी सांगतात. ह्या वर्षी पाऊस पडला की नाही, ते फक्त जमिनीवरची नवी मऊ रोपं सांगतात. ती दिसत नाहीत उंटाच्या पाठीवरून, त्यासाठी उतरावं लागतं.

बघायला गेलेला माणूस परतला की त्याच्या घरची बाई पाण्याचं भांडं घेऊन पुढे होते. तो पाणी पिईपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. मग तो एकच शब्द बोलतो, हिरवं किंवा कोरडं. त्यावर प्रश्न नाही, वाद नाही. हिरवं म्हणाला तर तंबू उतरायला लागतात.

ज्या वर्षी हे सगळं बिघडलं त्या वर्षी नुवेजाला मुलगी झाली होती. नवरा दूर मँगनीजच्या खाणीवर कामाला. विहिरीचं पाणी खारट झालेलं, नुवेजाच्या अंगावर दूध पुरेना. पोर शेळीच्या दुधावर होती आणि शेळ्याही आटत चालल्या होत्या. सुबैह नातीला मांडीवर घेऊन बसायचा, तिची बोटं उलगडून बघायचा, पुन्हा मिटायचा. त्याचा सगळा जीव त्या मुठीएवढ्या पोरीत अडकला होता.

आमच्या कुळाच्या प्रमुखानं, शेख रबिआनं, त्याला अश्करच्या खोऱ्याकडे पाठवलं. खिंडीच्या माथ्यावर तो पोचला आणि खाली बघतो तर खोऱ्याचा सगळा तळ फिक्या जांभळ्या फुलांनी भरलेला. सुबैहच्या डोळ्यांना धारा लागल्या. खाली उतरायचं, तळ धुंडायचा, म्हणजे परतायला एक दिवस जास्त. तेवढ्यानं पोरीला दूध उशिरा मिळेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं सांडणी तिथूनच वळवली. जन्मभर ज्यानं माती बघितल्याशिवाय तोंड उघडलं नाही, तो त्या दिवशी फुलांना भुलला. लोभानं नव्हे, मायेनं भुलला, पण झुडपाला त्याचं काय!

तंबूंच्या तळावर परतल्यावर नुवेजानं पाणी दिलं. तो प्यायला आणि म्हणाला, "हिरवं."

अश्करला पोचल्यावर पहिले काही दिवस शेळ्या फुलं खुडत हिंडल्या. मग गरम वारा सुटला आणि फुलं झडली. झुडपांच्या मधे नुसते दगड आणि भेगाळलेली माती. नवं रोप औषधाला नाही. खडकातलं कुंड हाडासारखं कोरडं. उंटांचं निभावलं असतं, शेळ्यांचं निभावेना. एकामागून एक बसायला लागल्या आणि बसल्या त्या उठल्या नाहीत. दूध संपलं. परत विहिरीकडे निघालो तेव्हा वाटेतच नुवेजाची पोर गेली. वाटेच्या कडेला तिला पुरलं, वर दगड रचले.

सुबैहला कुणी बोल लावला नाही. शेख म्हणाला, "अल्लाची मर्जी. तुझ्या शब्दावर आम्ही आमच्या पायांनी आलो." हमदाआत्यानं त्याची चेष्टा करणं सोडलं, आणि ते त्याला फार लागलं. नुवेजा पूर्वीसारखीच सकाळी चहा पुढे ठेवायची. ती बोलली असती, ओरडली असती, तर त्याला सोसलं असतं. चहाचा पेला हातात धरून तो खाली मान घालून बसायचा. चहा निवून जायचा.

पुढची वर्षंही कोरडीच गेली. समुद्राकाठी सरकारनं खोल्यांची रांग बांधली होती. पीठ मिळत होतं, टँकरनं पाणी येत होतं. एकेक घर तिकडे जाऊ लागलं. उरलेले लोक शेखच्या तंबूत जमले.

शेख म्हणाला, "एकदा अश्कर बघून घेऊ. तरारलेलं असेल तर राहू. नाहीतर उरल्यासुरल्या शेळ्या विकायच्या आणि समुद्राकडे जायचं. सुबैह, जाऊन ये."

"दुसऱ्या कुणाला पाठवा," सुबैह म्हणाला.

"दुसरं कोण आहे?"

"कुणीही चालेल. डोळे असले म्हणजे झालं."

तेव्हा कोपऱ्यातून हमदाआत्या त्या वर्षानंतर पहिल्यांदा त्याला टोचून बोलली. "डोळे शेळीलाही असतात. जा रे मेल्या. मला त्या सिमेंटच्या डब्यात मरायचं नाहीये."

तो गेला. ह्या वेळी खिंडीत थांबला नाही. तळापर्यंत उतरला, सांडणी बसवली आणि गुडघे टेकले. जुनी झुडपं करडी पडली होती, एकावरही फूल नव्हतं. पण त्यांच्या मधे, दगडांच्या आडोशाला, पाण्याच्या खुणांवर, सगळीकडे नवी रोपं होती. मऊ, रुंद, ओलसर. त्यानं एक पान तोंडात टाकलं, तिखटानं नाकात झिणझिण्या आल्या. हातानं माती उकरली, बोटं ओली झाली. तरी त्याचं समाधान होईना. तो खोऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेला. कुंडात पाणी होतं. त्यात त्यानं तोंड धुतलं आणि एकटाच मोठ्यानं रडला.

परतताना वाटभर तो तोच एक शब्द घोळवत होता. तळ दिसला. माणसं उभी राहिली. नुवेजा पाण्याचं भांडं घेऊन पुढे आली. तिच्या पाठीला फडक्यात बांधलेला नवा मुलगा होता, काही महिन्यांचा, आईच्या खांद्यावरून टकामका बघणारा. सुबैहनं भांडं घेतलं. पाणी प्यायला. रिकामं भांडं परत देताना त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग पाठीवरच्या मुलाकडे.

"कोरडं," तो म्हणाला.

प्रश्न विचारायची रीतच नव्हती. शेखनं मान खाली घातली. शेळ्या बाजारात गेल्या, तंबू गुंडाळले गेले. समुद्राकाठच्या खोल्यांमधे बिऱ्हाडं लागली. हमदाआत्या दाराकडे पाठ करून डोंगराच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या भिंतीला खिडकी नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात ती गेली. नुवेजाचा मुलगा मात्र टँकरच्या पाण्यावर आणि सरकारी पिठावर वाढला, चालायला लागला, टँकर आला की टाळ्या वाजवायचा. सुबैह त्याला बोट धरून किनाऱ्यावर न्यायचा. स्वतः पाण्याकडे पाठ करून बसायचा.

अशात दुसऱ्या कुळातला आवदा तिथे आला. त्याची सांडणी एवढी धष्टपुष्ट, की पोरं तिच्या मदारीला हात लावून बघायला लागली. दारात पथारी टाकली, चहा झाला.

"खायला घालतोस तरी काय हिला?" शेखनं विचारलं.

"मी कसलं घालतोय! अश्करला सोडली होती हंगामभर," आवदा म्हणाला. "सिल्ला असा माजला होता, उंटाचं पोट घासायचं. आम्ही म्हटलं, तुम्ही लोक येताय आत्ता, मग येताय. तुमचं खोरं ते! शेवटी आमच्याच शेळ्या घातल्या. इतकं दूध, की लोणी कुठे ठेवावं कळेना. तुम्ही का नाही आलात, आळशांनो?"

शेखनं सुबैहकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. आवदाला काहीतरी चुकल्याचं जाणवलं. तो सांडणीला पाणी दाखवतो म्हणून उठला. त्याच्यामागून एकेक जण उठून गेला. सुबैह तिथेच बसून राहिला. मुलगा त्याच्या मांडीवर झोपला होता.

नुवेजा आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्या समोर बसली.

"बाबा, तुम्ही अश्करला खाली उतरला होतात?"

"उतरलो होतो."

"रोपं होती?"

"पाय ठेवायला जागा नव्हती गं."

"मग?"

सुबैहनं मांडीवरच्या झोपलेल्या मुलाकडे बघितलं. "तू पाणी घेऊन आलीस. पाठीवर हा. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि तो शब्द घशातून वर येईना. परत चुकलो असतो तर? परत तुझंच पोर..."

नुवेजानं मुलाला त्याच्या मांडीवरून उचललं नाही. त्याच्या पायावरची माशी तेवढी हाकलली.

"तुम्ही लांबून येताना दिसलात ना, तेव्हाच मी तंबूच्या दोऱ्या सोडायला घेतल्या होत्या," ती म्हणाली. "शेख ओरडले, अगं, आधी शब्द तर येऊ दे. मी म्हटलं, माझे बाबा कसे येतायत ते दिसत नाही का तुम्हाला, हिरवंच असणार. अर्ध्या दोऱ्या सोडून झाल्या होत्या, बाबा. तुम्ही कोरडं म्हणालात, म्हणून मी त्या परत बांधल्या."