पानांच्या वाटेने जाणारे पाणी

दाऊदमास्तरांची आणि माझी पहिली भेट काष्टीच्या बाजारात झाली. एका ढिगाकडे पाहून ते “ही लिंबं कशी दिली?” म्हणाले, आणि ती कच्ची इडलिंबे आहेत हे मी चारचौघांत सांगितले. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. झाडांचे जे कळते ते स्वतः पाहून शिकलो, म्हणून चूक मला खपत नाही. मास्तर रागावले नाहीत. “मग फरक दाखवा,” म्हणाले आणि पिशवी खाली ठेवून ऐकत उभे राहिले. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना तेच आधी आठवते.

महायुद्ध संपत आले होते, त्या उन्हाळ्यात आमच्या श्रीगोंद्याच्या मळ्यातली विहीर तळाला गेली. कागदी लिंबांची बाग जगते की वाळते, एवढाच घोर घरात होता. निम्मा पाला छाटावा, असे मास्तरांनी सुचवले. फांद्यांवर तर फळ होते. माझे वडील, तात्या, चिडले.

“झाड पानी पितं मुळीनं. पानांनी तुमचं काय खाल्लंय, मास्तर?”

“पितं मुळीनं, तात्या, पण वर ओढतं पान. मोटेचे निम्मे बैल सोडले तर विहीर कमी उपसेल की नाही?”

“असलंच शिकविता व्हय शाळंत?”

मास्तर हसले. घरून लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेऊन आले. एक पानांच्या डहाळीवर चढवली, दुसरी पाने खुडलेल्या डहाळीवर. तोंडे मेणकापडाने घट्ट बांधली आणि आम्ही तिघे सावलीत बसलो. दुपार निश्चल होती. पहिली बरणी हळूहळू धुरकटली, मग आतून थेंब ओघळू लागले. दुसरी कोरडीच राहिली. मला वाटू लागले, सारी बाग उन्हात श्वास सोडते आहे, जमिनीतले पाणी खोडाखोडांतून चढून आमच्या डोक्यांवरून न दिसणाऱ्या पाटाने कुठेतरी निघाले आहे. तात्या कितीतरी वेळ काचेकडे बघत होते.

“येवढं चाललंय,” ते म्हणाले, “आन् आवाज न्हाई.”

मग त्यांनीच कोयता आणला. त्या वर्षीचे फळ गेले. एका झाडाशी मात्र त्यांचा हात थांबला. ते माझ्या आईने लावलेले, आणि आई तेव्हा हयात नव्हती. मास्तरांनी आग्रह धरला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून नमाजाआधी वजूसाठी हातपाय धुताना ते पायांखाली परात ठेवू लागले, आणि साठलेले पाणी कळशीतून आणून त्या झाडाला घालू लागले. विहिरीला पाणी येईपर्यंत त्यांचा हा क्रम चुकला नाही.

बाग वाचली. आईच्या झाडाचे एकही पान गळले नाही असे लोक सांगतात, ते खरे नाही. शेंड्याची थोडी गळली. पुढच्या बहाराला त्या झाडाच्या लिंबांची पाटी भरून तात्या मास्तरांच्या दारी गेले.

“घ्या,” म्हणाले, “तुमच्या झाडाची हायती.”

मास्तरांचे पाय धड राहोत, नजर शाबूत राहो, आणि आपल्या झाडाच्या सावलीत बसायला ते अजून पुष्कळ उन्हाळे आमच्याकडे येवोत, एवढेच तात्यांचे आणि माझे देवापाशी मागणे आहे.