नागनाथचं बोलणं : तीन

शप्पथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे बरंचसं. बरं, माणसं तरी खरी आहेत! मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं टायरचं दुकान. तिथं किस्से जुन्या ट्यूबांसारखे साचतात. फेकवत नाहीत, आणि कधीतरी ठिगळाला लागतात.

केबल आणि एसटीडी बूथ नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. किराणावाल्या शिवाअप्पाचा पुतण्या पुण्याहून एक खेळ घेऊन आला. झेरॉक्सचा इंग्रजी गठ्ठा, विटेएवढा जाड. खेळात आपण दुसराच माणूस व्हायचं, काय करतो ते सांगायचं, आणि जमलं का ते फाशांनी ठरवायचं. प्रत्येकाला ढीगभर कसबं, प्रत्येक कसबाची टक्केवारी!

अप्पानं गठ्ठा चाळला. "एवढा हिशेब तर मी सेल्सटॅक्सवाल्यालाबी दावत न्हाई!"

मग त्यानं खेळ सोपा केला. कसबं पाचच: भांडणं, पळणं, ओळखी, घासाघीस, बोलणं. पोहणं काढून टाकलं. "बीडात पवायचं कुठं बे?" टक्केवारी गेली, लुडोचे दोन फासे आले. प्रत्येकाच्या प्रत्येक कसबाला एक आकडा; फाशांची बेरीज त्या आकड्याच्या आत बसली की काम फत्ते. आणि एक कडक नियम: आधी फासे, मग तोंड!

रविवारी दुपारी ट्रकच्या आडव्या टायरवर पत्रा टाकून आम्ही बसायचो.

*

उमापूरचे बाळासाहेब म्हणजे आमच्यातले पुढारी. ओळखी अकरा!

खेळ चालवणारा अप्पाच; एकदा त्यानं खेळातल्या गुहेत राक्षस बसवला. आम्ही तलवारी उपसल्या. बाळासाहेब म्हणाले, "थांबा. ह्याचा मेव्हणा कोण हाय?"

"राक्षसाला मेव्हणा?"

"लगीन झालंय ना त्याचं?"

फासे टाकले, सात पडले. संध्याकाळपर्यंत राक्षस बाळासाहेबांच्या पॅनलमधून सोसायटीला उभा होता, आणि आम्ही तलवारी म्यान करून त्याच्या प्रचारात!

*

मला जादूची ढाल हवी होती. ढालीचा दुकानदार अप्पाच झालेला. माझी घासाघीस नऊ, पडले चार. जिंकलो!

अप्पाला घाम फुटला. "नियम तुझ्याच बाजूनं हाय... पर परवडत न्हाई."

"अप्पा, ढाल हायच कुठं? सगळं हवेत!"

"मग हवेतलं फुकट द्यायचं व्हय?"

नाहीच दिली. पुढच्या रविवारी तरसानं मला फाडलं.

*

अप्पा दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसून हळहळला, "टायरवाला गेला हो. तरसानं खाल्लं." गिऱ्हाइकानं बातमी केजला, माझ्या सासुरवाडीला पोचवली. जीप भरून माणसं रडत आली, तर मी दारात पंक्चर काढतोय!

बायको आतून म्हणाली, "मरायच्या आधी दळण तर आणून टाकायचं!"

*

राहिला नागनाथ. एसटीडी बूथ त्याचा. दिवसभर गावाचं बोलणं ऐकायचा, स्वतः गप्प. अप्पानं खेळात त्याचं बोलणं तीन ठेवलं. आधीच्या एका मुलीकडच्यांनी तर 'पोरगा मुका हाय' म्हणून नकार कळवला होता.

आणि युसूफ वडगावची ही मुलगी त्याला जिवापाड आवडलेली. मावशीकडं आली की बूथवर फोनला यायची. 'हिच्यापुढं गप्प बसलो तर संपलं' हेसुद्धा त्यानं मला चिठ्ठीवर लिहून दिलं!

मुलगी बघायला मी आणि अप्पा सोबत गेलतो. तिचे वडील म्हणाले, "इचारा काय इचारायचं ते."

नागनाथनं अप्पाकडं बघितलं. अप्पा सवयीनं बोलून गेला, "फासे टाक!"

त्यानं खिशातून फासे काढले आणि टाकले की! गडगडत मुलीच्या पाटाशी गेले.

वडील ताडकन उठले. "फासे कावून टाकतंय हे? जुगारी हाय का?"

अप्पानं सगळा नियम समजावला. "तीनच्या आत पडलं तरच बोलतंय ते."

"मग न्हाई बोललं तरी चालंल. उठा!"

तेवढ्यात मुलीनं वाकून फाशांवर हात ठेवला. हळूच खाली बघितलं. म्हणाली, "दोन." आणि फासे मुठीत.

नागनाथ बोलला. लई बोलला! बूथ, आईचा दमा, मावशीकडचे ते फोन, सगळं. आमची शेवटची एसटी गेली तरी बोलतच होता.

आता बरीच वर्षं झाली. एसटीडी गेली, त्याच बूथात दोघं मिळून मोबाइलचं दुकान चालवतात.

हे सगळं खरं. ते 'दोन' तेवढं मी रचलं. ती म्हणाली होती, "नऊ पडलेत. बोला आता."