पोट माझं, सही यांची

आमचे हे पुण्याच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचे. माणसाला स्वतःची इच्छा असते की नसते, यावर दोन-दोन तास बोलायचे आणि मी माहेरी कधी जायचं ते एका वाक्यात सांगून मोकळे व्हायचे.

एका उन्हाळ्याच्या सुटीत सासरच्या गावी, रनाळ्याला आलो आणि माझं पोट दुखायला लागलं. बैलगाडीने नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी तपासून पोटात गाठ असल्याचं सांगितलं, म्हणजे यांना सांगितलं. मग दोघं माझ्या उशाशी बसून इंग्रजीत बोलू लागले. मी मराठी सातवी पास. इंग्रजी माझ्याकडे औषधालाही नव्हतं. पोट तेवढं माझं होतं.

बाईच्या ऑपरेशनला घरच्या पुरुषाची संमती लागायची. नवरा नसेल तर सासरा, तोही नसेल तर दीर. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालायचा, पण जिला कापायचं तिची सही कुणी मागत नसे. पायाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पोट तुन्हं शे आन् सही त्यान्ही?"

मला एकदम चेव आला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता आणि मला मूल हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. मी यांना म्हटलं, "गर्भाशयाला हात लावायचा नाही असं लिहा. तरच टेबलावर चढते."

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. पुन्हा चार वाक्यं इंग्रजीत झाली. मग यांनी सुरेख अक्षरात मी सांगितलं तसं लिहिलं, खाली सही ठोकली. मी मुकाट्याने क्लोरोफॉर्म हुंगला.

दुसऱ्या दिवशी धड शुद्धीवर आल्यावर विचारलं. डॉक्टर नाडी मोजत राहिले. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काढावं लागलं."

"लिहून दिलं होतंत ना?"

"लागेल असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. न काढता तू वाचली नसतीस. तुला सांगितलं असतं तर घाबरली असतीस."

एवढा शिकलेला माणूस आणि मला खोटं लिहून देऊन बसला, याची मला किळस आली.

मी घाबरले असते. रडून हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. आणि शेवटी, जगायचं होतं म्हणून, मीच हो म्हणाले असते.