पाठ असलेला रस्ता

पाठीवर सॅक लावलेली ती परदेशी विद्यार्थिनी आज पुन्हा आमच्या फाटकाशी थांबली. मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, ग्रंथालय कुठे आहे?" ग्रंथालय दोन घरं सोडून आहे, आणि कालही तिने हेच विचारलं होतं. मला हसू आलं.

संशोधनासाठी दोन महिने परदेशी गेले होते तेव्हा मीही अशीच मोठी विदुषी! घरच्या पत्रात 'इथे खूप मैत्रिणी झाल्या' अशी थाप मारायची आणि बागेतल्या एका म्हातारीला रोज तोच, पाठ झालेला रस्ता विचारायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच. निरोप घ्यायला गेले तर म्हणाली, "मग उद्यापासून मला रस्ता कोण विचारणार?" माझ्या एकटेपणाच्या नादात तिचा मला दिसलाच नव्हता.

मी फाटक उघडलं. "रस्ता फार लांबचा आहे गं. आधी चहा घे, मग सांगते."