माझ्या नावाचा दात

भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनात गाडी थांबण्याआधीच मी पिशवी घेऊन दारात उभी होते. पुण्याहून निघाल्यापासून माझं असंच चाललं होतं. बसवत नव्हतं, झोप तर नाहीच. कारण एवढंच, की आईला समोरचा एक दात बसवायचा होता. दात एकच, पण घोर असा लागला होता की जणू मलाच खुर्चीत बसायचं होतं.

आईला आम्ही माय म्हणतो. ती पवनी तालुक्यात आसगावला राहते. आमचं घर ढिवरांचं. बोडीत (लहान तलावात) मासे धरायचे आणि घरी जाळी विणायची. गाठ मारली की उरलेला नायलॉनचा दोरा माय दातांनी तोडते. असाच दोरा तोडताना तिचा वरचा दात मोडला आणि पुढे मूळही काढावं लागलं. तेव्हापासून मी घरी गेले की ती पदर तोंडाशी धरूनच बोलायची. हसायची तेही पदराआड. मला ते बघवत नव्हतं.

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मी धापा टाकत पोचले, तर माय पवनीकडून येणाऱ्या एसटीने आधीच येऊन निवांत बाकावर बसली होती.

"काहून धावून राहिली वं?" ती म्हणाली. "दवाखाना पळून जाते का?"

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तळहातावर एक बारीकसा स्क्रू ठेवून दाखवला. हा हाडात बसवायचा, हाडाने त्याला घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग त्यावर टोपी चढवायची. ती टोपी म्हणजे दिसणारा दात. मी शंभर शंका विचारल्या. मायने एकच विचारलं.

"यानं दोरा तुटते का?"

"नाही मावशी. नव्या दाताने दोरा अजिबात तोडायचा नाही. आणि गुडाखूही (दातांना घासायची तंबाखू) बंद करायची."

मायने पिशवी उचलली. "कामाचा नाही तं कायले बसवाचा? चाल."

ती थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी मागे धावले. तिला पटवायला गाडीत पाठ केलेलं सगळं ऐन वेळी विसरले. शेवटी पोटातलं तेच बोलले.

"माय, मले तुले हासताना पाहाचं आहे. पदर नाही पाहाचा."

तिने पिशवी काखेत मारली. मग म्हणाली, "एवढंच होतं तं आधी सांगाचं ना," आणि माझ्यापुढे पायऱ्या चढून आत गेली.

साखर तपासली, जबड्याचा फोटो काढला, इंजेक्शन दिलं. आतून घरघर सुरू झाली आणि मी बाहेर उठबस करू लागले. शेवटी नर्स म्हणाली, "ताई, पेशंट तुम्ही आहा का त्या आहेत?" माय कापसाचा बोळा चावत बाहेर आली आणि हातानेच चहाची खूण केली. गरम चहा चालणार नव्हता, म्हणून बोळा काढल्यावर आम्ही स्टँडजवळ आइस्क्रीम खाल्लं. सुन्न ओठावरून ते निम्मं लुगड्यावर सांडलं. खाताखाता तिने हकिगत सांगितली ती इतकीच: "घरघर लय, दुखणं कमी."

दुसऱ्या दिवशी ओठ आणि गाल सुजले. असं होणार हे सांगितलेलं होतं, तरी मी घाबरले. रुमालात बर्फ बांधून शेकत बसले. तिच्यासाठी मऊ भात आणि गार वरण. माझ्यासाठी मात्र तिने सुजल्या तोंडानेच माशाचं झणझणीत कालवण केलं. संध्याकाळी जाळं मांडीवर घेतलं आणि सवयीने दोरा तोंडाकडे गेला. मी अशी ओरडले की तिच्या हातातली सुई पडली. टाके निघेपर्यंत मी राहिले, आणि निघताना जाळ्याजवळच्या खिळ्याला एक नेलकटर टांगून आले.

मग फोन सुरू झाले. "माय, हालून तं नाही ना राहिलं?"

"नाही वं. तूच हालून राहिली."

चार महिन्यांनी पुन्हा तोच प्रवास केला. टोपी बसवायला इंजेक्शनसुद्धा लागलं नाही. "लय पांढरा नको, बाकीच्यायत उठून दिसन," एवढीच मायची अट होती. घरी येताच ती जाळं घेऊन बसली. मी समोर. दोरा तोंडाकडे निघाला आणि मी पुढे सरकले. तिने तो ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवला, मागच्या दाढांत धरला आणि तटकन तोडला. नेलकटर खिळ्याला तसंच लटकत होतं.

"हे कायले देलं होतं मी?"

"नखं काढाले," माय म्हणाली. "समोरच्याले काम नाही सांगत मी. तो तुह्या नावाचा आहे. कामाचे माहे मागं आहेत."

आणि ती हसली. पदर खांद्यावरच होता.

परतीच्या गाडीत पहिल्यांदाच मला स्वस्थ बसता आलं. मायला दात देऊन आले, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगणार होते. पण ज्याचा तिच्या कामाला उपयोग नव्हता, तो स्क्रू तिने माझ्यासाठी हाडात बसवून घेतला होता. आणि मी चार महिने, हलतं का, एवढंच विचारत राहिले. मी फोन लावला.

"आता काय झालं?" माय म्हणाली.

"काही नाही. हास."




ती हसली. फोनवर काही दिसत नव्हतं, पण पदर कुठे आहे ते मला माहीत होतं.