विमानतळापर्यंत पल्ला असलेली तोफ

आमच्या घराण्यात तोफ बाळगणारा मी पहिलाच. आधीच्या पिढ्यांनी म्हशी बाळगल्या, बटाटे पिकवले आणि फारच अंगात आलं तर बांधावरून भावकीशी भांडणं केली. पण तोफखान्यापर्यंत कुणाची मजल गेली नव्हती. ती मी गाठली, आणि तीही लेथ मशीनवर!

आमचं गाव सांबऱ्याच्या अलीकडं. मी बेळगावात एका कारखान्यात लेथवर धातू कातणारा टर्नर आहे. आमच्याकडं दिवाळीला पोरं मातीचा किल्ला करतात असं बाहेरच्यांना वाटतं. पोरं फक्त माती आणतात. किल्ला बापलोक करतात, आणि शेजारच्या गल्लीचा किल्ला बघून रात्रभर तळमळतात. गेल्या दिवाळीत आमच्या किल्ल्यावर बुरूज होते, मावळे होते, खंदकात खरं पाणी होतं. पण तोफ खडेबाजारातून आणलेली, प्लॅस्टिकची! तिच्या मागून फुंकर मारली की पुढून शिट्टी वाजायची. अशा किल्ल्यावर शत्रू चालून येईल तो हसायला येईल.

"तोफ मी करतो," मी भर गल्लीत जाहीर केलं. "पितळेची. आणि दिवाळीचा बाण तीतनं सुटंल!"

"अहो, गेल्या वर्षी कुकरचं हँडल करतो म्हणालासा," माझी बायको सुरेखा म्हणाली, "अजून फडक्यानं धरून उतरवालोय."

कुकरच्या हँडलला इतिहास नसतो, हे तिला कोण सांगणार? मी आठ दिवस कामावरून सुटल्यावर घासून, पुसून, चकाकी देऊन हातभर तोफ केली. चाकं तर अशी गुळगुळीत फिरायची की बोट लावलं तरी पळतील. (हीच पुढं अडचण झाली.)

पाडव्याच्या संध्याकाळी सगळी गल्ली जमली. माझे वडील आप्पा फेटा बांधून खुर्चीत बसले. शेजारचा मल्हारी मोबाईल धरून उभा राहिला. मी तोफेत बाण भरला, वात पेटवली आणि छाती काढून उभा राहिलो. धडाम! धूर ओसरला तेव्हा बाण तोफेच्या जागेपासून वीतभर अंतरावर शांतपणे पडला होता, आणि तोफ गायब होती. ती मागच्या मागं बुरुजावरून उतरली, अंगण ओलांडून गटारीत जाऊन थांबली. युद्धाच्या इतिहासात तोफेनंच पळ काढल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

भाऊबीजेला मी ती नीट करून पुन्हा लावली, तर पुन्हा तीच पळाली. एवढ्यावर मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या प्राजक्ताला, म्हणजे माझ्या लेकीला, सांबऱ्याच्या विमानतळावरच्या नोकरीचं पत्र आलं. तीन वर्षं ती परीक्षा देत होती. दोनदा अगदी दारातून परत आली होती आणि दोन्ही वेळा दोन-दोन दिवस धड जेवली नव्हती. आता फक्त एकच गोष्ट उरली होती: पोलीस व्हेरिफिकेशन. सोमवारी साहेब घरी येणार होते.

"पप्पा," तोफेकडं बघत प्राजक्ता म्हणाली, "हे कायद्यात बसतंय काय?"

"खेळणं हाय ते."

"घरात नळी करून, तीत दारू पेटवून कायबाय उडवायचं, ह्याला खेळणं म्हणत न्हाईत. परवाना लागतोय. विमानतळाची नोकरी हाय माझी, पप्पा. घरात तोफ घावली तर मला गेटातनं आत तरी घेतील काय?"

आठ दिवस मी मापं घेतली होती, पण कायद्याचं माप घ्यायचं राहूनच गेलं होतं. मी निपाणीला मेव्हण्याला फोन लावला. तो दिवसभर मोबाईलवर कायदे वाचतो.

"भावजी, घाबरू नगासा," तो म्हणाला. "निपाणीला आणून द्या. मी गाडीवरनं कागलला नेऊन ठेवतो. तिकडं महाराष्ट्र लागतोय."

"तिकडं चालतंय काय तोफ?"

"न्हाय चालत. पण इथल्या पोलिसांस्नी तिकडं जाता येत न्हाय न्हवं!"

म्हणजे लेकीच्या नोकरीसाठी मी आंतरराज्य तोफतस्कर व्हायचं! मी फोन ठेवला. शेवटी सुरेखानं तोफेची चाकं काढली, नळी उभी करून तीत लाटणं खोवलं आणि स्वयंपाकघरात ठेवली. लांबून पाहिलं तर खलबत्ता वाटत होता. जवळून पाहिलं तर तोफेत लाटणं खोवल्यासारखं वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी आप्पा झोपाळ्यावर बसून सहज म्हणाले, "तोफंची काळजी करू नगं रं. मी निवेदन दिलंय."

आता इथं थोडं सांगायला हवं. आमच्या सीमाभागात माणूस बोलायला शिकतो आणि मग निवेदन द्यायला शिकतो. बस थांबत नाही, निवेदन. गटार तुंबली, निवेदन. तेही मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणजे दोन्हीकडून उत्तर यायचं नाही. आप्पांनी आयुष्यात इतकी निवेदनं दिली आहेत की पोचपावत्यांच्या पिशवीला वेगळा खिळा आहे.

"आप्पा, निवेदन कुणाला दिलासा?"

"पोलीस ठाण्यात. माहितीसाठी प्रत तहसीलदारांस्नी, एक पंचायतीत. आन् एक कोल्हापूरला धाडली."

"कोल्हापूरला कशाला?"

"उद्या आपलं गाव तिकडं महाराष्ट्रात गेलं तर? परत सगळं पहिल्यापासनं कोण करणार?"

मी प्रत वाचली. 'आमचे चिरंजीवांनी घरी स्वहस्ते तोफ बनविली असून ती कायदेशीर करून मिळावी.' खाली मुद्देसूद तपशील होता. धातू: पितळ. वजन: भरपूर. पल्ला: सांबरा विमानतळाच्या कुंपणापर्यंत.

"आप्पा! विमानतळापर्यंत? कुणी सांगितलं तुम्हांस्नी?"

"सांगायला कशाला लागतंय? तू केलीयास म्हटल्यावर जाणारच की तितपर्यंत!"

मला राग आला होता, पण हे ऐकून तो कुठं ठेवावा कळेना. पंचवीस वर्षांत माझ्या कामावर असा विश्वास मालकानं दाखवला नव्हता. प्राजक्ता मात्र आत गेली, आणि तिनं दार लावून घेतलेलं मला ऐकू आलं.

सोमवारी साहेब आले ते एकटे आले नाहीत. दोन हवालदार होते. एकाच्या हातात प्राजक्ताचा फॉर्म आणि दुसऱ्याच्या हातात आप्पांचं निवेदन! दोन्हींवर पत्ता एकच. साहेब धारवाडकडचे, मराठी बोलायचे पण तोलून-मापून.

"एन्री, काय हो, विमानतळावर तोफ लावणार तुम्ही?" साहेबांनी विचारलं. "कुठं आहे?"

सुरेखानं लाटणं काढलं आणि तोफ आणून समोर ठेवली. अंगणात गल्ली जमली. साहेबांनी नळी उचलून आतून पाहिली, बाहेरून पाहिली.

"ही चालत असेल तर केस होते बघा. मुलीचा रिपोर्टही मला तसाच लिहावा लागतो. चालते का?"

"कसली चालतीया साहेब!" मल्हारी पुढं सरसावला. "बाण इथं पडला, ह्या दगडापाशी. माझ्याकडं व्हिडिओ हाय."

"साधं कुकरचं हँडल न्हाय जमलं ह्यास्नी," सुरेखानं जोड दिली.

"आमची कोंबडी बी उडाली न्हाय त्या आवाजानं!" मागून कुणीतरी ओरडलं. गल्ली खदखदून हसली.

साक्षीपुरावा सगळा माझ्या बाजूनं चालला होता. लेकीची नोकरी वाचत होती. मी गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण पंचवीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस किती ऐकून घेणार?

"तसं न्हाय साहेब," मी उसळून म्हणालो, "परत नीट करून लावली तवा वीस फूट गेलती!"

सुरेखानं मला असा चिमटा काढला की डोळ्यांपुढं खरीच आतषबाजी झाली. साहेबांनी पेन उघडलं.

"वीस फूट?" मल्हारी म्हणाला. "मी तितंच हुतो साहेब. तोफ वीस फूट गेली. बाण न्हाय!"

"उडती!" आप्पा काठी आपटत उठले. "माझ्या पोरानं केलीया! लिहा साहेब, कुंपणापर्यंत जाती!"

साहेबांनी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. दारात प्राजक्ता उभी होती. फॉर्मवरचा तिचा फोटो हवालदाराच्या हातात होता आणि ती त्या फोटोकडं बघत होती. आप्पांच्या डोळ्यांत मी पंचवीस वर्षांत जे कमावलं होतं ते एका वाक्यात घालवायचं होतं. पण पोरीच्या तीन वर्षांपुढं माझी तोफ ती काय?

"आप्पा, बसा," मी म्हणालो. "साहेब, ती उडत न्हाय. मला जमली न्हाय. दोनदा केली, दोनदा फसलो. खरं सांगतोय."

आप्पा खुर्चीत बसत पुटपुटले, "पितळच हलकं दिलं असंल दुकानदारानं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. चालली असती तर गुन्हा होता, पुन्हा असलं काही केलं तर सोडणार नाही, असा दम त्यांनी मला भरला. तोफ जप्त केली. मग प्राजक्ताच्या फॉर्मवर शेरा लिहिला: 'आक्षेप नाही.' पुढच्या महिन्यात ती निळी साडी नेसून गेटातून आत गेली, आणि मी रस्त्यावर गाडी लावून उगाच हेल्मेट पुसत उभा राहिलो.

पण त्या दिवशी पंचनाम्यात एक गोष्ट बाकी होती. वस्तू निकामी आहे, असा कुणा जाणकाराचा अभिप्राय हवा होता. "इथं लेथचं काम कोणाला कळतं?" साहेबांनी विचारलं. सगळ्या गल्लीनं माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणून त्या कागदावर माझ्या दोन सह्या आहेत. एक, तोफ बनवणारा म्हणून. आणि दुसरी, ती बनवणाऱ्याला काम येत नाही, असं खात्रीनं सांगणारा कुशल कारागीर म्हणून!